तू आमचा की त्यांचा?

१८०३ साली दुसरे इंग्रज-मराठा युद्ध तोंडावर आले, तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा फ्रेंच सेनापती पेराँ याने आपल्या हाताखालच्या इंग्रज रक्ताच्या अधिकाऱ्यांना नारळ दिला. त्यांत जेम्स स्किनर होता. बाप हर्क्युलिस स्किनर हा कंपनीच्या फौजेतला स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत. पंचविशीतल्या या जवानाला शिंद्यांची चाकरी सोडायची नव्हती. पेराँला गाठून तो तसे बोललाही. पेराँचे उत्तर एवढेच होते की आता तुझा भरवसा वाटत नाही. मुळात स्किनर शिंद्यांकडे आला होता तो कंपनीचे दार त्याला बंद असल्यामुळे. आई किंवा बाप हिंदी असलेल्यांना कंपनीच्या मुलकी, लष्करी आणि आरमारी सेवेत अधिकारी म्हणून घ्यायचे नाही, असा हुकूम १७९१ मध्ये निघाला होता. १७९५ मध्ये तो आणखी आवळला गेला आणि अशा मुलांना फौजेत जागा उरली ती बाजेवाले, ढोलवाले आणि नालबंद म्हणून. आईमुळे एका फौजेने घेतले नाही, बापामुळे दुसरीने ठेवले नाही.

मिश्र वारशाचे नायक आणि त्यांच्या दुभंगलेल्या निष्ठा या विषयाकडे नव्याने वळलेल्या वाचकाचे स्वागत मला याच प्रसंगाने करावेसे वाटते. या विषयाबद्दलची रूढ समजूत अशी, की दोन रक्तांच्या माणसाच्या मनात दोन ओढी असतात, संकट आले की त्या एकमेकींशी झगडतात आणि कादंबरीकार किंवा दिग्दर्शक तो झगडा रंगवतो. स्किनरच्या मनात त्या दिवशी असला कोणताही झगडा नव्हता. कुठे राहायचे ते त्याला पक्के ठाऊक होते. संशय पेराँला आला होता, आणि तोही युद्ध उभे ठाकल्यावर. आदल्या वर्षी हाच स्किनर त्याला चालत होता.

या क्षेत्रात इतकी वर्षे वाचन केल्यावर माझे एक मत बनले आहे आणि या प्रस्तावनेत मी तेच मांडणार आहे. निष्ठेचा प्रश्न नायकाच्या रक्तात जन्माला येत नाही. तो कोणीतरी विचारतो, ठरावीक वेळी विचारतो आणि काहीतरी अडवून धरून विचारतो: नोकरी, घर, लग्न, कधी दफनाची जागा. कथा सांगणारा पुष्कळदा हा विचारणारा झाकून ठेवतो. मग प्रश्न नायकाच्या छातीतून आपोआप उमटल्यासारखा वाटतो, 'रक्ताची हाक' वगैरे शब्द येतात, आणि ज्याने अडवणूक केली तो सहीसलामत सुटतो. चांगली कलाकृती विचारणाऱ्याचा चेहरा दाखवते. या विषयात बरे-वाईट ठरवायला मला याहून खात्रीची कसोटी सापडलेली नाही.

मराठी वाचक या विषयाशी परका नाही. बहुतेक जण कर्णाच्या वाटेने इथवर आलेले असतात. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ ची. दोन्ही आजही घरोघर वाचल्या जातात. कर्णाचे आईबाप दोन जातींचे नव्हते हे खरे. पण त्याला वाढवणाऱ्या सूतांची जात धर्मशास्त्राने मुळातच क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई यांच्या संकरातून सांगितली आहे, आणि सूतपुत्र म्हणून त्याला जे सोसावे लागले ते संकराबद्दलच्या त्या तिटकाऱ्यातूनच आले. उद्योगपर्वात आधी कृष्ण आणि मग कुंती त्याला त्याचे खरे कूळ सांगतात ती वेळ पाहा. रंगभूमीवर कर्णाने अर्जुनाला आव्हान दिले तेव्हा कुंतीला मूर्च्छा आली, पण तोंड उघडले नाही. युद्ध ठरल्यावर मात्र नाते आठवले. कर्णाच्या उत्तरात रक्ताला जागा नाही. राधेने दूध पाजले, अधिरथाने संस्कार केले, सूतांच्या मुलींशी लग्ने झाली, मुले-नातवंडे झाली. ही माणसे सोडून कुठे जाऊ, असे तो विचारतो. त्याची निष्ठा दुभंगलेली नाही. दुभंगावी म्हणून दोन थोर माणसे त्याच्याकडे चालून आली होती.

महाभारतातला खरा मिश्र वारशाचा वीर घटोत्कच. त्याच्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे. भीम आणि हिडिंबा यांचा हा मुलगा आठवण काढताच हजर होतो, वनवासात थकलेल्या द्रौपदीला वाहून नेतो, काही मागत नाही. राज्यात वाटा नाही, राजधानीत घर नाही. युद्धाच्या चौदाव्या रात्री कृष्णच त्याला कर्णावर पाठवतो. अर्जुनासाठी राखून ठेवलेली इंद्राची शक्ती कर्णाला त्याच्यावर टाकावी लागते. मरताना घटोत्कच आपले शरीर अवाढव्य वाढवून कौरवांच्या सैन्यावर कोसळतो, म्हणजे मरणही कामी आणतो. पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. अर्जुनाने कारण विचारल्यावर कृष्ण आधी शक्ती वाया गेल्याचे सांगतो, आणि मग जे सांगतो ते वाचून आजही अंगावर काटा येतो: हा ब्राह्मणांचा आणि यज्ञांचा द्वेष्टा होता, कर्णाने मारला नसता तर मलाच मारावा लागला असता. त्याने निष्ठेत तसूभरही कसूर केलेली नव्हती. तरी ज्यांच्यासाठी तो मेला त्यांच्या हिशेबात तो राक्षसच राहिला. द्रोणपर्वातला हा भाग या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावा. पुढच्या अनेक कादंबऱ्या आणि चित्रपट कळत नकळत हाच हिशेब मांडतात: मिश्र रक्ताच्या माणसाने निष्ठा सिद्ध करायची ती मरून. दक्षिणेच्या लोककथेने आणि १९५७ च्या तेलुगू 'मायाबझार'ने मात्र त्याला वेगळा न्याय दिला. एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच तिथे घरातला कर्तासवरता थोरला भाऊ होऊन अभिमन्यूचे लग्न लावून देतो. तो जिवंत राहतो, हसतो, जेवतो. एवढे स्वातंत्र्य अशा नायकाला क्वचित मिळते.

युयुत्सूचे प्रकरण छोटे, पण सोडण्यासारखे नाही. धृतराष्ट्राला वैश्य दासीपासून झालेला हा मुलगा युद्ध सुरू होण्याच्या क्षणी युधिष्ठिराच्या हाकेला ओ देऊन पांडवांकडे जातो. महाभारतात तो वाचतो आणि शेवटी हस्तिनापूरची जबाबदारीही त्याच्याकडे येते. धर्मवीर भारतींनी 'अंधा युग'मध्ये त्याला न्यायाच्या बाजूने लढूनही लोकांचे दगड खाणारा आणि अखेर आत्महत्या करणारा केला. फाळणीनंतर काही वर्षांतच लिहिलेल्या नाटकात बाजू बदललेल्या माणसाचे असे हाल व्हावेत, यात नाटककाराने आपला काळ अचूक टिपला होता.

इतिहासाकडे वळलो तर आपल्या अगदी घरातले उदाहरण समशेर बहादूरचे. बाजीराव आणि मस्तानी यांचा हा मुलगा १७३४ चा. त्याची मुंज करायला पुण्यातल्या ब्राह्मणांनी नकार दिला, असे परंपरा सांगते. १७४० मध्ये आईबाप पाठोपाठ गेले आणि मूल पेशव्यांच्याच घरात वाढले. पुढे तो मराठ्यांचा सरदार झाला, १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर लढला आणि जखमी अवस्थेत सूरजमल जाटाच्या मुलखात पोहोचून तिथे वारला. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ ची, आणि तिच्या आधाराने संजय लीला भन्साळी यांनी २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' केला. आईबापांच्या प्रेमाची गोष्ट अशी पुन्हा पुन्हा सांगितली जाते. मुलगा मात्र पाळण्यात किंवा पानिपताच्या गर्दीत दिसतो. मला यात योगायोग वाटत नाही. प्रेमाची गोष्ट मृत्यूने संपवता येते. मुलाची गोष्ट सांगायची तर त्याला कोणत्या पंगतीत बसवले, कोणत्या वाड्यात ठेवले, त्याच्या मुलांची लग्ने कुठे झाली, असे रोजचे प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरे देताना विचारणाऱ्यांची नावे घ्यावी लागतात. ती नावे आपल्याच पूर्वजांची असतात.

स्किनरकडे पुन्हा यायचे ते त्याच्या आठवणींसाठी. बेली फ्रेझरने त्या १८५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांत उनियाराच्या लढाईचा प्रसंग आहे. स्किनर जखमी होऊन रणात पडला आहे, आजूबाजूला मेलेले आणि मरणारे. एक म्हातारा आणि एक बाई टोपलीत ज्वारीची भाकरी आणि मडक्यात पाणी घेऊन येतात आणि प्रत्येक जखमीला देत पुढे जातात. बाई चांभार. स्किनर पाणी पितो, भाकरी खातो. शेजारी पडलेला त्याचा राजपूत सुभेदार दोन्ही नाकारतो. स्किनर त्याला समजावतो, पण आता उरलेल्या काही तासांसाठी धर्म कशाला सोडू, असे सुभेदाराचे म्हणणे. जिवावर बेतलेले असतानाही एक माणूस 'मी कोणाचा' याचे उत्तर घट्ट धरून बसतो आणि शेजारच्या माणसावर ते उत्तर कधीच घट्ट बसलेले नसते. कोणा कादंबरीकाराला हा प्रसंग कल्पनेतून सुचला असता का, मला शंका आहे. पुढे कंपनीचा सेनापती लॉर्ड लेक याने त्याला घोडदळाचे नेतृत्व दिले तेव्हा स्किनरने अट घातली, की जुने धनी शिंदे यांच्याविरुद्ध लढणार नाही. ज्याच्यावर भरवसा ठेवला गेला नव्हता त्याने मिठाला जागायचे ठरवले, आणि तेही नोकरीवरून काढल्यानंतर. त्याने उभारलेली 'स्किनर्स हॉर्स' आजही भारतीय लष्करात आहे.

कादंबरीत हा विषय रुजला तो विसाव्या शतकाच्या तोंडावर. किपलिंगचा 'किम' १९०१ चा, रवींद्रनाथांची 'गोरा' ग्रंथरूपात १९१० ची. दोन्ही नायक आयरिश बापांची अनाथ पोरे, दोघेही हिंदी माणसांत वाढलेले. रक्ताने ते मिश्र नाहीत, वाढीने आहेत. तरी या क्षेत्राचा पाया त्यांनीच घातला, कारण एकाच प्रश्नाची दोन उत्तरे इथे शेजारी ठेवता येतात. किमच्या गळ्यातल्या कागदांवरून तो गोरा असल्याचे कळताच त्याच्यासाठी लखनौच्या शाळेचे आणि सरकारच्या गुप्त कामाचे दार उघडते. गोराला १८५७ मधला आपला जन्म कळतो तेव्हा देवळाचे दार बंद होते, आणि त्याला मोकळे वाटते. कर्मठपणाचे ओझे उतरते आणि आनंदमयीच्या रूपाने जात न विचारणारी आई पुन्हा सापडते. किपलिंगकडे वंश ही किल्ली आहे. रवींद्रनाथांकडे ते कुलूप आहे, आणि ते फोडूनच नायक घरी पोहोचतो. मला रवींद्रनाथ अधिक जवळचे वाटतात. पण रस्ते, सराया, आगगाड्या आणि बोली किपलिंगने ज्या प्रेमाने लिहिल्या ते प्रेमही खोटे नाही, आणि ते नाकारून 'किम' वाचता येत नाही.

आता ज्या कलाकृतीपाशी थोडे अधिक थांबावे असे मला वाटते तिच्याकडे येतो. जॉन मास्टर्सची 'भवानी जंक्शन' १९५४ मध्ये आली. काळ १९४६, इंग्रज जाणार हे ठरलेले, रेल्वेचे एक मोठे स्टेशन आणि त्याला लागून अँग्लो-इंडियनांची वसाहत. व्हिक्टोरिया जोन्स ही इंजिन ड्रायव्हरची मुलगी लष्करातली नोकरी करून घरी परतली आहे. तिच्या आयुष्यात तीन पुरुष: तिच्याच समाजातला रेल्वे अधिकारी पॅट्रिक टेलर, शीख तरुण रणजित कासेल आणि इंग्रज कर्नल सॅव्हेज. तिघे म्हणजे तीन दारे. कादंबरी पॅट्रिक, व्हिक्टोरिया आणि सॅव्हेज यांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली आहे, त्यामुळे एकच स्टेशन तीन उंचीवरून दिसते. पॅट्रिकची सोला हॅट डोक्यावरून उतरत नाही. ती उतरली तर आपण कोण हे लोकांना कळणार नाही अशी त्याला धास्ती. व्हिक्टोरिया साडी नेसू लागते. आईच्या दृष्टीने हा घरावरचा घाला असतो, आणि स्टेशनवरचे लोक तिच्याकडे पाहतात तेही नव्याने. पण रणजितसाठी गुरुद्वारात शीख व्हायची वेळ येते तेव्हा ती पळून येते. मास्टर्स तिच्या पळण्याला कमकुवतपणा मानत नाहीत. साडी तिने आपणहून नेसली होती. आता तिला नाव बदलायला सांगितले जात होते. फरक एवढाच, आणि कादंबरी तो नीट ओळखते. शेवटी ती पॅट्रिककडे, म्हणजे आपल्या माणसांकडे जाते.

या सगळ्यामागे रेल्वे होती हे विसरून चालणार नाही. रेल्वे, कस्टम्स, टपाल आणि तारखाते इथल्या ठरावीक जागा या समाजासाठी राखलेल्या असत. त्याच जोरावर इगतपुरी, भुसावळ, दौंड अशा जंक्शनांवर त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३३६ व्या कलमाने या जागा दर दोन वर्षांनी दहा टक्के घटवत दहा वर्षांत संपवल्या. 'इंग्लंड की भारत' हा प्रश्न त्या घरांत जेवणाच्या टेबलावर येत होता तो मुलाला फायरमनची नोकरी लागणार की नाही या रूपात. तो प्रश्न फक्त रक्ताचा मानणाऱ्या समीक्षकाने रेल्वेचे हजेरीपुस्तक पाहिलेलेच नसते. घटनेतली अँग्लो-इंडियनाची व्याख्याही बापाच्या बाजूने युरोपियन रक्त मोजते, आईच्या बाजूचे मोजत नाही. लोकसभेत त्यांचे दोन सदस्य नेमण्याची तरतूद २०२० च्या जानेवारीत संपली.

१९५६ मध्ये जॉर्ज क्यूकरने 'भवानी जंक्शन'वर चित्रपट केला. भारतात परवानगी न मिळाल्याने चित्रीकरण लाहोरला झाले. एव्हा गार्डनरची व्हिक्टोरिया देखणी आहे, स्टेशनवरची गर्दी अजूनही थक्क करते. पण सगळी गोष्ट आता सॅव्हेज सांगतो. व्हिक्टोरियाचा आवाज गेला, पॅट्रिकचाही गेला. पॅट्रिक तर शेवटी मरतो आणि व्हिक्टोरिया कर्नलच्या वाट्याला येते. तीन दारांपैकी एकच उघडे ठेवले आणि तेही साहेबाच्या बंगल्याचे. कादंबरी आणि चित्रपट यांतला हा फरक नुसता व्यावसायिक तडजोडीचा नाही. कोण बोलतो ते बदलले की निष्ठेचा प्रश्नही बदलतो. तिने कुठे जावे हा तिचा प्रश्न होता. चित्रपटात ती कोणाला मिळावी हा पुरुषांचा प्रश्न झाला.

पडद्यावर हा विषय आणखी एका अंगाने पाहावा लागतो, तो म्हणजे भूमिका कोणाला मिळाली. मर्ल ओबेरॉन १९११ मध्ये मुंबईत जन्मली, अँग्लो-इंडियन घरात, आणि हॉलिवूडमध्ये आयुष्यभर आपण टास्मानियाची असल्याचे सांगत राहिली. तिला वाढवणाऱ्या सावळ्या बाईची ओळख लंडनमध्ये मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले ते गोऱ्या नटीच्या रूपात. आपल्याकडे त्याच काळात उलटे घडत होते. १९२५ च्या 'प्रेम संन्यास'मध्ये बुद्धाची पत्नी गोपा झाली ती सीतादेवी, म्हणजे रेने स्मिथ ही अँग्लो-इंडियन मुलगी. मूकपटात उच्चार ऐकू येत नव्हता आणि पौराणिक पत्नीचा चेहरा तिचा चालत होता. बोलपट आल्यावर या मुलींच्या वाट्याला हळूहळू कॅबरे आणि खलनायकाची मैत्रीण एवढेच उरले. १९७५ च्या 'ज्युली'ने रेल्वे ड्रायव्हरच्या अँग्लो-इंडियन घराला मध्यभागी आणले आणि नादिराने त्यातली आई जिवंत केली. पण गाऊन, दारू आणि सैल नीती ही ठरलेली खूण तिथेही पुसली गेली नाही.

श्याम बेनेगल यांचा 'जुनून' १९७९ चा, रस्किन बाँडच्या 'अ फ्लाइट ऑफ पिजन्स'वरचा. १८५७ च्या शहाजहानपुरात जावेद खान रूथला पळवून आणतो आणि तिच्याशी लग्न करू पाहतो. तिची आई मरियम, जिचे स्वतःचे आजोळ मुसलमान आहे, त्याला उर्दूतच उत्तर देते आणि अट घालते: दिल्ली बंडवाल्यांच्या हाती राहिली तर लग्न, इंग्रजांनी घेतली तर नाही. निष्ठा म्हणून आपण जे गौरवतो ते किती वेळा असे दुसऱ्याच्या लढाईच्या निकालावर अवलंबून असते, हे इतक्या थंड डोक्याने सांगणारा प्रसंग मला दुसरा माहीत नाही. मरियमला दोन्ही घरे ठाऊक आहेत, दोन्हीकडच्या स्वयंपाकघरात ती वावरू शकते, आणि हे तिचे बळ आहे. दोन वारसे म्हणजे दोन अर्धी माणसे असे मानणाऱ्या कथांना तिने एकटीने उत्तर दिले आहे. जेनिफर केंडल हीच मरियम झाली आणि दोन वर्षांनी अपर्णा सेन यांच्या '३६ चौरंगी लेन'मध्ये एकाकी शिक्षिका व्हायोलेट स्टोनहॅमही तीच झाली. दोन्ही कामे उत्तम आहेत. तरी त्या समाजातल्या नटीला ती का मिळाली नाहीत, हे विचारायला हवे.

मुंबईच्या दंगलींनी हा प्रश्न पुन्हा रस्त्यावर आणला. मणिरत्नम यांच्या 'बॉम्बे'त (१९९५) हिंदू बाप आणि मुसलमान आई यांच्या जुळ्या मुलांची नावे कबीर नारायण आणि कमाल बशीर. दोन्ही आजोबांना एकेक नाव वाटून दिलेले. दंगलीत तोंड झाकलेली माणसे या दोन पोरांना पकडतात, हिंदू की मुसलमान म्हणून विचारतात आणि अंगावर रॉकेल ओततात. विचारणाऱ्यांचे चेहरे झाकलेले आहेत, पण ते आहेत, कॅमेऱ्यासमोर आहेत. प्रश्न पोरांच्या मनातून आलेला नाही. चित्रपटाचा शेवट मला फार सोपा वाटतो, पण या एका दृश्यासाठी तो या क्षेत्रात कायम राहील. महेश भट्ट यांच्या 'जख्म'मध्ये (१९९८) दंगलीत जळालेल्या आईला तिच्या धर्माप्रमाणे मूठमाती मिळावी म्हणून मुलगा झगडतो. आईने आपले मुसलमान असणे आयुष्यभर कपाळावरच्या कुंकवामागे ठेवले, धाकटा भाऊ हिंदुत्ववाद्यांच्या नादी लागला, आणि आता निष्ठेचा प्रश्न प्रेताभोवती उभा आहे. अजय देवगणला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

धर्म आणि वंश यांच्यापुरता हा विषय ठेवला तर मराठीतले सर्वांत मोलाचे पुस्तक बाहेर राहते. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) हे आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. पण मिश्र वारशाचा नायक याहून उघडा कुठे भेटत नाही. आई महार, बाप लिंगायत पाटील. बापाचे नाव लावायचे तर बाप नाव देत नाही. शाळेच्या आणि सवलतीच्या कागदांवर जात लिहायची तर ती कोणती हे गावाला ठरवता येत नाही. आणि आपल्याच लोकांत लग्न जमवायचे तर तिथेही अक्करमाशी म्हणून नकार. शिवाय आजीसोबत राहणारा मुसलमान जमादार, ज्याने नातवासारखे सांभाळले. रक्ताचा हिशेब मांडायला बसावे तर कागद पुरत नाही. लिंबाळे विचारणाऱ्याला कुठेच झाकत नाहीत. शाळा, चावडी, सोयरिकीची बैठक: प्रत्येक ठिकाणी प्रश्न कोणी आणि कशासाठी विचारला ते पानावर आहे. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या मराठी वाचकाला इंग्रजी सिद्धांतांच्या आधी हे पुस्तक हातात घ्यायला मी सांगतो.

बाहेरच्या जगाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिथले साहित्य प्रचंड आहे आणि त्याला स्वतंत्र ग्रंथ हवा. अमेरिकेत जेम्स फेनिमोर कूपरने १८२६ मध्ये 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स'मधल्या कोराला आफ्रिकी वंशाचा अंश दिला आणि शेवटी मारले; तिची गोरी बहीण वाचली. १९६० च्या 'फ्लेमिंग स्टार'मध्ये एल्व्हिस प्रेस्लीचा पेसर, कायोवा आई आणि गोरा बाप यांचा मुलगा, दोन्ही बाजूंनी जखमी होऊन मरायला डोंगराकडे निघून जातो. घटोत्कचाचा हिशेब इथेही चुकत नाही. त्याला छेद दिला तो व्हिएत थान विन या लेखकाने. त्याच्या 'द सिम्पथायझर'चा (२०१५) निवेदक फ्रेंच पाद्री आणि व्हिएतनामी आई यांचा मुलगा, धंद्याने दुहेरी हेर. सबंध कादंबरी म्हणजे त्याचा कबुलीजबाब आहे, आणि तो लिहून घेणारे त्याच्याच बाजूचे लोक आहेत. विचारणारा आणि विचारण्याची खोली दोन्ही इथे कथेचा पायाच झाली आहेत.

मराठीत करण्यासारखे पुष्कळ आहे. भुसावळ-इगतपुरीच्या रेल्वे वसाहतींत राहिलेल्या मराठी शेजाऱ्यांच्या आठवणी गोळा व्हायला हव्यात. गोव्यातल्या पोर्तुगीज वंशाच्या घरांकडे मराठी आणि कोकणी लेखकांनी कसे पाहिले ते तपासायला हवे. परदेशांत वाढलेल्या, एकच पालक मराठी असलेल्या मुलांचे लेखन आता इंग्रजीत येऊ लागेल. त्यांना 'मराठी येते का' असे विचारताना आपणही पेराँच्या जागी उभे असतो, याचे भान तेव्हा लागेल.

आणि एक विषय मला स्वतःला फार दिवस खुणावतो आहे. समशेर बहादूरचा मुलगा अलीबहादूर याला नाना फडणविसांनी १७८७ मध्ये उत्तरेत पाठवले. त्याने बुंदेलखंडात बांद्याचे घराणे उभारले. १८५७ मध्ये त्याच घराण्याचा दुसरा अलीबहादूर इंग्रजांविरुद्ध उठला, त्याची नवाबी गेली आणि उरलेले आयुष्य इंदूरकडे नजरकैदेत गेले. स्किनरने उभारलेले घोडदळ त्याच वर्षी इंग्रजांच्या बाजूने राहिले. मराठ्यांच्या चाकरीतून निघालेल्या या दोन मिश्र घराण्यांनी एकाच वर्षी दोन वेगळी उत्तरे दिली. त्यांना ती कोणी, केव्हा आणि काय अडवून द्यायला लावली, हे पेशवे दप्तर, शिंद्यांचे कागद आणि कंपनीचे हुकूम शेजारी ठेवून कोणीतरी लिहायला हवे. कागद उपलब्ध आहेत, भाषा आपल्याला येतात. ज्याला हे काम घ्यायचे असेल त्याने फ्रेझरच्या ग्रंथातले उनियाराचे प्रकरण आणि बांद्याच्या घराण्याचे कागद यांपासून सुरुवात करावी.